डोईमागे

सेंट जॉन्सहून आलेल्या बाईंनी
चर्चच्या हॉलमध्ये पांढरी चादर टांगून घेतली.
चादर माव्हिस क्लूएटची, कोपऱ्यात चहाचा जुना डाग,
नेमका त्या डागावर पहिला आकडा पडला:
फेरीबोट, वर्षाला, डोईमागे एवढे डॉलर.
मग नर्सचा मंगळवार, डोईमागे.
मग शाळा, मुलं तीन, शिक्षिका एक, डोईमागे.
मग माझी वीज.
सगळ्यांत लांब पट्टा माझ्या डिझेलचा होता,
चादर संपून भिंतीवर गेला.

मी मागे उभा, टोपी हातात.
म्हणावंसं वाटलं, बाई, तुमचं ते यंत्र
आत्ता माझ्याच डिझेलवर चाललंय.
नाही म्हणालो. पाहुण्याला असं बोलू नये.

लिटल ग्रॅपनल बेटावर आम्ही डोकी चौतीस.
सरकारला डोईजड झालो असू, नाही कशाला म्हणा.
धक्क्याच्या दोन खांबांना कीड लागलीय,
पैसा मंजूर आहे असं हा तिसरा हिवाळा ऐकतोय.
मंजूर म्हणजे काय
ते समुद्राला अजून कुणी सांगितलेलं नाही.

बाई भली होती. माशाचं सूप दोनदा मागून घेतलं.
योजना सोप्या शब्दांत सांगितली:
बेट सोडा, घरटी एवढी रक्कम घ्या,
मात्र चारांतल्या तिघांनी हो म्हणायला हवं.
नाही जमलं तर पुढचं मतदान पाच वर्षांनी.
मतं एकतीस. चोवीस लागणार.
मोजायला मला बसवलं,
कारण मला आकड्यांची सवय,
आणि मुख्यभूमीवर माझी नोकरी ठरलेली,
म्हणजे माझं मत सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

तेवीस.
पुन्हा मोजली.
तेवीस.

नाही म्हणणारे सात कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं,
सातही जण उघड बोलत होते.
आठवी एफी हौन्सेल, असं कुणी न बोलताच ठरलं.
वय एक्क्याऐंशी, बाप इथे पुरलेला, नवरा इथे,
एक मुलगा तर त्या खडकांपलीकडे, पाण्यात.
तिला कुणी काही बोललं नाही,
तेच तर बोलणं होतं.
शनिवारी तिच्या दारात कॉड ठेवला गेला नाही.
लॅम्बर्टनं लाकडं फोडली तिची,
पण रचली नाहीत.

रविवारी रात्री ती जनरेटरच्या खोलीत आली.
तिथे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही,
म्हणून गुपित सांगायला बेटावर तीच जागा बरी.
"लिअँडर, मी हो लिहिलं होतं," ती कानाशी ओरडली.
"उजवा डोळा गेला. डावा जातोय. डॉक्टर तिकडे आहे.
मेलेल्यांचं काय, त्यांना घाई नाही."

मग सांगत का नाहीस लोकांना, मी विचारलं.

"सांगितलं तर ते दुसऱ्या कुणाला शोधतील,"
म्हणाली, आणि त्या गेलेल्या डोळ्यानं
बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.
पार्ट्रिजबेरीच्या जॅमची बरणी फळीवर ठेवून गेली.

मतपेटीजवळची पेन्सिल फार आखूड होती.
कुणी विचारलं तर मी एवढंच सांगीन.
हे नाही सांगणार, की बावीस वर्षं
कुणाचा दिवा कधी मालवतो ते मला काट्यावर कळतं,
बाळाचं दूध तापवायला हेझल किती वाजता उठते,
वृद्ध ॲम्ब्रोज रात्रभर दिवा का ठेवतो.
तिकडच्या शहरात वीज भिंतीतून येते.
कुणाची, कुणासाठी, कुणी विचारत नाही.
तिकडे मी कुठल्या काट्याकडे बघू?

पाच वर्षं. एफीच्या डाव्या डोळ्याची
पाच वर्षं, माझ्या एका रेघेमागे.
याचा पट्टा कुठल्या चादरीवर मावेल
मला माहीत नाही.

नऊ चाळीस. काटा केसभर खाली आला.
एफीचं स्वयंपाकघर.
मी फिल्टर बदलला,
वहीत तास लिहिले, लिटर लिहिले.
बरणी तशीच आहे, फळीवर,
जनरेटरच्या हादऱ्यानं हळूहळू कडेकडे सरकतेय.
दर रात्री मी ती उचलून मागे ठेवतो.